उलटं कापलेलं नाव

पास्कल,

मालती म्हणते, तू गेल्यापासून मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसतो. खुर्चीच्या कडेला टेकतो आणि चहा संपायच्या आत उठतो. परवा ती वैतागून म्हणाली, "अहो, एक तर नीट बसा, नाहीतर मरोळला तरी जाऊन या." मग मी सायकल काढली. तुझ्या छापखान्यात फिलूवहिनी शिशाच्या अक्षरांच्या केसपाशी बसून खिळे जुळवत होत्या. तुझ्या महिन्याच्या मिस्सेचं, चर्चमधल्या प्रार्थनेचं, कार्ड. मान वर न करता म्हणाल्या, "या भाऊजी. तोच प्रश्न घेऊन आलात ना?"

तोच घेऊन आलो होतो. दाराच्या काचेवर छापायला म्हणून तू रेशमाच्या चौकटीवर तुझं नाव कापलंस, ते उलटं कापलंस. आरशात दिसावं तसं. चुकून, की समजून?

तू असतास तर म्हणाला असतास, "इंचपट्टी, जगात मोजायला दुसरं काही उरलं नाही का तुला?" उरलं आहे. औषधांच्या कारखान्यात दिवसभर तेच करतो. मलमाचं लेबल, गोळ्यांचा डबा, काढ्याची बाटली, फडक्याची पिशवी, लाकडी खोकं, कशावर काय आणि कसं छापून घ्यायचं हे ठरवणं माझ्याकडे आहे, आणि त्यातच माझे केस पांढरे झाले. म्हणून तर तुझी ओळख झाली. मलमाच्या लेबलांचं काम घेऊन मी पहिल्यांदा तुझ्या दारात आलो, तेव्हा तू जुनं लेबल हातात घेतलंस, पालथं केलंस आणि डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवलंस.

"कुणी छापलं हे? मागून टोचतंय. खिळा जास्त दाबलाय."

"पुढून बरं दिसतं की."

"पुढून सगळ्यांचंच बरं दिसतं. छपाई मागून बघायची."

तेव्हापासून माझ्या हातात छापील कागद आला की तो पालथा होतो. लग्नाची पत्रिका आली तरी. मालतीच्या माहेरची माणसं मला विक्षिप्त समजतात, त्याचं श्रेय तुला.

आपण भांडलो किती, याचा हिशोब मी ठेवला नाही, ही माझ्या बाबतीत नवलाची गोष्ट. भांडण एकच होतं. माझं म्हणणं असं की छपाईची पद्धत निवडण्याआधी वस्तूला चार गोष्टी विचाराव्या. तू शाई पितेस का? वाकतेस का? तुला कशाने पुसतील, पाण्याने की हाताने की तेलाने? आणि तू किती हवी आहेस? कागद शाई पितो आणि हजारांनी लागतो, म्हणून त्याला शिशाचे खिळे आणि तुझं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन. पत्र्याचा डबा शाई पीत नाही आणि एकदा वळला की मशीनमध्ये जात नाही, म्हणून पत्रा सपाट असतानाच लिथोच्या मोठ्या कारखान्यात छापून घ्यायचा आणि मग डबा वळायचा. खोक्याला जस्ताच्या पत्र्यात अक्षरं कापून वरून ब्रश मारला की झालं, गोदीत कुणी खोक्याचं सौंदर्य बघत नाही. कापडाला लाकडी ठसा.

तू हे सगळं ऐकून घ्यायचास, रुळावरची शाई पुसत. मग म्हणायचास, "आणि काच?"

काचेला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काच शाई पीत नाही, खिळ्याखाली टिकत नाही. कागदी लेबल डकवलं तर पावसाळ्यात बाटलीवरून सालीसारखं सुटून येतं. ते मी दरवर्षी बघत आलो आहे.

"काचेला रेशीम," तू म्हणायचास.

हे रेशमाचं वेड तुझ्या डोक्यात कुठून आलं ते तू कधी धड सांगितलं नाहीस. चौकटीवर रेशीम ताणायचं, जिथे छापायचं नाही तिथली भोकं बुजवायची, आणि वरून रबराच्या पट्टीने रंग ओढायचा. रंग रेशमातून खाली उतरतो, आणि खाली काहीही असो, कापड, पत्रा, फळी, काच, त्याला तो धरतो. म्हणायला सोपं. पहिली चौकट तू आईच्या जुन्या रेशमी लुगड्याची केलीस. विणकर बिचारा लुगडं विणत होता, तुझ्यासाठी गाळणं विणत नव्हता. रंग एका जागी थांबला आणि एका जागी धबधबा. मग गिरणीत पीठ चाळायचं रेशीम कुठूनसं मिळवलंस. तांदळाच्या पिशव्यांवर पहिला धड छाप उमटला त्या दिवशी तुझ्या अंगणात दोरीवर पिशव्या वाळत होत्या. एक खाली पडली, आणि वहिनींची कोंबडी रंगात पाय देऊन सगळ्या अंगणभर छापत गेली. मी म्हटलं, "बघ, हिला ना खिळे लागले ना रेशीम." तू इतका हसलास की तुला उंबरठ्यावर बसावं लागलं. वहिनी मात्र म्हणाल्या, "हसा. अंगण कोण घासणार?"

ते अंगण तूच घासलंस. मी बघत होतो. छापखान्यात येशूची तसबीर आणि दसऱ्याला ट्रेडलला झेंडूचा हार, दोन्ही तूच लावायचास, आणि कुणी विचारलं तर "मशीन ज्याचं त्याचं ऐकतं" एवढंच बोलायचास.

मग दाराचं निघालं. छापखान्याची लाकडी पाटी वाळवीने खाल्ली, ती उतरवलीस आणि नवं दार केलंस, वरच्या अर्ध्यात काच असलेलं. मी साधं सुचवलं, "पेंटर बोलव. एकच नाव, एकदाच लिहायचं आहे. त्यासाठी रेशीम ताणणं म्हणजे एका माणसासाठी पंगत वाढणं."

"छापखान्याचं नाव ब्रशने लिहून घेऊ? न्हाव्याने दुसऱ्याकडून दाढी करून घेतल्यासारखं होईल ते."

"अरे, न्हावी दुसऱ्याकडूनच करून घेतो."

तू थोडा वेळ विचार केलास. मग म्हणालास, "म्हणून त्याची दाढी नेहमी वाढलेली असते."

त्या आठवड्यात तू लाखेच्या पातळ पापुद्र्यातून नाव कापलंस, 'पास्कल छापखाना', आणि गरम इस्त्रीने तो पापुद्रा रेशमाला खालून चिकटवलास. मी आलो तेव्हा चौकट टेबलावर होती. वरून पाहिलं आणि मला वाचता येईना. मग लक्षात आलं.

"पास्कल, उलटं कापलंस."

तू चौकटीकडे पाहिलंस. उजवा हात डाव्या खांद्यावर होता, दमलेला माणूस ठेवतो तसा. मला अजून तो हात दिसतो. तू बराच वेळ पाहत राहिलास, निदान मला तो बराच वाटला. मी पुढे म्हटलं, "जन्मभर खिळे उलटे वाचलेस, म्हणून हात तसाच गेला. रेशमाला सुलटं लागतं रे. आणि चौकट पालथीही घालता येत नाही, पापुद्रा काचेला टेकला पाहिजे."

तू माझ्याकडे वळून म्हणालास, "चहा पी, गार होतोय."

एवढंच. ना होय, ना नाही. मी चहा प्यायलो, काही इकडचं तिकडचं बोललो, आणि सायकलवर बसून पार्ल्याला आलो. त्याच आठवड्यात दुमिंग, तुझा भाऊ, कारखान्याच्या फाटकाशी उभा दिसला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ट्रेडलशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेलास म्हणे. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढवलेला होता.

आता तू म्हणशील, माणूस गेला आणि हा अक्षरं कुठल्या बाजूला आहेत ते विचारतोय. पण ऐक. काचेवर आतल्या बाजूने छापायचं असेल तर नाव उलटंच कापावं लागतं. मग ते रस्त्यावरून सुलटं दिसतं, आणि पाऊस, धूळ, गिऱ्हाइकाचा हात, काहीच त्याला लागत नाही. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, परतताना चकाल्याच्या चढावर सुचलं, आणि मी मनात म्हटलं, पुढच्या खेपेला विचारू. म्हणजे दोनच शक्यता. तू हे आधीच ठरवलेलं होतंस, आणि माझी गंमत बघत होतास. मग त्या दुपारी तू पुरता तूच होतास, नेहमीचा, खोडकर, डोकं जागेवर असलेला. किंवा तुझा हात खरोखर चुकला. ज्याने पिशव्यांची अक्षरं कधी उलटी कापली नाहीत तो एकदम चुकला, आणि माझ्यासमोर चौकटीकडे बघत बसला तेव्हा त्याला ते उमगतही नव्हतं. मग जे व्हायचं होतं ते तुझ्या आत त्या दुपारीच सुरू झालं होतं आणि तू एकटाच ते सोसत होतास, समोर मी चहा पीत असताना. या दोन माणसांपैकी मी शेवटी कुणाला भेटलो, हे मला कळायला हवं आहे. म्हणून मला बसवत नाही.

दुमिंगला विचारलं. तो म्हणाला, "चूक हाय ती भाऊ. दमला होता तो. किती सांगितलं त्याला, बंद कर हे, मशीन विकून टाक. आता मिस्सा झाली की माणूस येतोय ट्रेडल बघायला." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. वहिनी एकट्या छापखाना कशा ओढणार, ही त्याची काळजी खरी आहे.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला उत्तर पाहिजे. मला नाव पाहिजे." मग म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बाईच्या पोरीचं लगीन. पत्रिका अंधेरीला स्टेशनजवळ छापून आणल्या. मी विचारलं, काय गं, आम्ही मेलो काय? तर म्हणते, दारावर नाव दिसलं नाही, वाटलं बंद झालं. नाव लागलं तर मी चालवीन, भाऊजी. खिळे मला जुळवता येतात, ट्रेडल मारायला माणूस मिळेल. नाव नाही लागलं तर दुमिंगचा माणूस घेऊन जाईल. पेंटर नको. त्याने कापलेलंच पाहिजे."

"पण वहिनी, चौकट एकच आहे. बिघडली तर पुन्हा कापणारा नाही."

"मग बिघडवू नका."

तू शिकवलेली बाई आहे, दुसरं काय म्हणणार!

मी घरी जाऊन विचार केला, माझ्या पद्धतीने. काच शाई पीत नाही, तेव्हा पाण्याचा रंग चालणार नाही, तेलाचा एनॅमल हवा, दाट, नाहीतर कडेने झिरपेल. काचेवर बोटाचा तेलकट डाग राहिला तर रंग धरणार नाही, म्हणून ती आधी स्पिरिटने पुसायला हवी. आणि इथेच मेख आहे, कारण तुझा पापुद्रा लाखेचा आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. काच जराशी ओली असताना चौकट टेकवली तर नावाच्या कडा तिथल्या तिथे वितळल्या असत्या. चौकट पुसायलाही स्पिरिट नाही, रॉकेल. हे सगळं मला तुझ्यामुळे माहीत. मी स्वतः आजवर रेशमावरून एकदाही पट्टी ओढली नव्हती. मी ठरवणारा, तू करणारा, अशी आपली वाटणी होती.

स्पिरिटची बाटली ओळखीच्या कंपाउंडरकडून आणली. दारूबंदीच्या दिवसांत तुमच्या गावठाणात बाटली घेऊन शिरायचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. नाक्यावरच्या हवालदाराने पिशवी उघडायला लावली, वास घेतला आणि विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "काच पुसायला." तो म्हणाला, "सगळे असंच सांगतात." शेवटी मला छापखान्यापर्यंत त्याला सोबत न्यावं लागलं. बिजागऱ्यांवरून काढून फळ्यांवर आडवं ठेवलेलं दार त्याने पाहिलं, वहिनींना पाहिलं, टोपी काढली आणि गेला.

छापण्याआधी मी एक गोष्ट केली. तुझी चौकट काचेवर ठेवून मोजली, आतल्या बाजूने आणि बाहेरच्या बाजूने. म्हटलं, तू आतून छापायचं ठरवलं असशील तर चौकट आतल्या खाचेच्या मापाची केली असशील; लाकूड खोटं बोलत नाही. ती आतून बसली. बाहेरूनही बसली. दोन्हीकडे बोटभर जागा सुटली. दुमिंग बघत होता. म्हणाला, "काय झालं? मिळाला हिशोब?" मी मोजपट्टी खिशात घातली.

मग दार आतली बाजू वर करून ठेवलं, कारण तुझी चूक असो की बेत, चौकट तिथेच लागणार होती. काच पुसली. दोनदा. फडकं बदललं. ती वाळेपर्यंत तिघेही उभे राहिलो. वहिनींनी वाकून काचेचा वास घेतला, आणि मान हलवली. मी चौकट टेकवली. दुमिंगने स्वतःहून येऊन तिच्या दोन्ही कडा दाबून धरल्या. मी एनॅमल ओतला आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरली.

वहिनी म्हणाल्या, "एकदाच ओढा. थांबायचं नाही. तो थांबायचा नाही."

ओढली. पट्टी एका दमात गेली. चौकट उचलताना रेशीम काचेपासून सुटल्याचा तो लहानसा आवाज झाला, जो ऐकला की तू मान डोलवायचास.

अक्षरं आली. काळी, ओली, कडा स्वच्छ. उलटी. दुमिंग बघतच राहिला, मग हळूच म्हणाला, "भावाचा हात हाय." चूक हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. मी चौकट रॉकेलने पुसली. पापुद्र्याचा एक टवकाही उडाला नाही. ती आता वहिनींनी येशूच्या तसबिरीशेजारी टांगली आहे.

रंग वाळल्यावर आज दार पुन्हा बिजागऱ्यांवर चढवलं. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. 'पास्कल छापखाना'. सुलटं, लखलखीत, काचेच्या मागे सुरक्षित. मी हाक मारली, "वहिनी, बाहेर या, बघा तरी!"

आतून आवाज आला, "मला इथून वाचता येतंय."

येणारच. केसपाशी बसणाऱ्याला काय उलटं आणि काय सुलटं. तेव्हा वाटलं, तू कुठल्या बाजूला उभा राहून हे कापलंस, बाहेर गिऱ्हाइकाच्या जागी की आत वहिनींच्या, एवढं जरी सांगून गेला असतास.

मी काचेवरून बाहेरून बोट फिरवलं. गुळगुळीत काच, दुसरं काही नाही. मग आत गेलो आणि मागून फिरवलं. तिथे बोटाला रंगाची कड लागली, प्रत्येक अक्षराची, सगळीकडे सारखी. कुठे थरथर नाही, कुठे हात अडखळल्याची खूण नाही. दमलेल्या माणसाची कड अशी असते का? मला माहीत नाही. मी दुसऱ्यांदा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवायला गेलो तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, बारशाची कार्डं इथे होतात का. वहिनी म्हणाल्या, "होतात. किती पाहिजेत?" दुमिंग कोपऱ्यात ट्रेडलला तेल घालत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

बाई गेल्यावर वहिनींनी माझ्यापुढे कप ठेवला आणि मी पुन्हा काचेकडे निघालेला पाहून म्हणाल्या, "भाऊजी, चहा प्या, गार होतोय."

मी खुर्चीत बसलो, पाठ टेकून. समोर तुझं नाव होतं, आतल्या बाजूने. मला तुमच्यासारखं सरसर वाचता येत नाही, म्हणून उजवीकडून सुरुवात केली, एकेक अक्षर लावत. पूर्ण वाचून होईपर्यंत चहा संपला होता.